उसनी गोडी

परीक्षेसाठी गोळ्या घेता का, असं विद्यार्थ्यांना विचारलं तर काही लाजतात, काही बढाया मारतात आणि काही सरळ खोटं बोलतात. सांडपाणी यातलं काहीच करत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नावाचं शहर आहे. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॅन बर्गार्ड यांनी हा विचार पुढे नेला आणि एका छोट्या निवासी महाविद्यालयाच्या गटारातलं पाणी सत्रभर तपासलं. २०१३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वर्ग सुरू झाले तेव्हा पाण्यात अँफेटामाइनचा अंश जेमतेम होता. परीक्षा जवळ येऊ लागल्या तसा तो वाढत गेला आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षांच्या आठवड्यात सुरुवातीच्या कितीतरी पट झाला. त्याच वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्विटरवरचे ‘अॅडरॉल’ हा शब्द असलेले दोन लाखांहून अधिक संदेश चाळले. त्यांचे उंचवटे डिसेंबरात आणि एप्रिल-मेच्या सांध्यावर आले, म्हणजे अमेरिकेत फायनल्स असतात तेव्हा. गटार आणि गप्पा, दोन्हींची साक्ष एकच निघाली.

अॅडरॉल म्हणजे अँफेटामाइनच्या क्षारांचं मिश्रण. रिटालिन आणि कॉन्सर्टा ही मिथाइलफेनिडेटची नावं. लक्ष एका जागी न ठरणं, अंगात सतत चुळबुळ असणं, हातातलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे धावणं, हे सगळं जगणं अवघड होण्याइतकं असेल तर त्या आजाराला एडीएचडी म्हणतात. त्यावर ही औषधं चालतात आणि चांगली चालतात, याबद्दल वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही. वाद आहे तो मित्राच्या बाटलीतल्या गोळीचा. ज्याला आजार नाही, ज्याच्या नावे डॉक्टरची चिठ्ठी नाही, त्याने उद्याच्या पेपरासाठी गोळी घ्यायची, याचा. या प्रकाराचं जन्मस्थान आणि सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच असल्याने या आढाव्याचा मोठा भाग तिथलाच आहे.

आपण मात्र यात नाक मुरडायला जाऊ नये. दहावीच्या वर्षी शंखपुष्पीचं सरबत, डोक्याला ब्राह्मीचं तेल आणि सकाळी भिजवलेले बदाम ज्या घरात झाले नाहीत असं मराठी घर दाखवा. चरकाने तर मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी अशी चार मेध्य रसायनं नावानिशी सांगून ठेवली आहेत. बुद्धी बाटलीत मिळावी ही इच्छा जुनी आहे. अमेरिकन मुलांच्या हाती लागलेल्या गोळीचा परिणाम मात्र तासाभरात जाणवतो. शंखपुष्पीला ते कधी जमलं नाही, आणि सगळी भानगड इथूनच सुरू होते.

अँफेटामाइन पहिल्यांदा तयार केलं ते रुमानियाच्या लाझार एदेलेआनु यांनी, बर्लिनमध्ये, १८८७ साली. त्याचं करायचं काय हे कुणाला सुचलं नाही आणि ते चाळीसेक वर्षं पडून राहिलं. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात गॉर्डन अॅलेस हे रसायनशास्त्रज्ञ दम्यावरच्या औषधाच्या शोधात होते. त्यांनी ५० मिलिग्रॅम स्वतःलाच टोचून घेतलं. नाक मोकळं झालं, छाती धडधडली, मन प्रसन्न झालं, आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एका माणसाच्या एका संध्याकाळीत पुढच्या शंभर वर्षांची कथा येऊन गेली. पुढे एका कंपनीने चोंदलेल्या नाकासाठी त्याची हुंगायची नळी काढली, मग गोळी काढली. नाव बेंझेड्रिन.

मिनेसोटा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात या गोळीच्या चाचण्या चालल्या होत्या. विद्यार्थ्यांनाच गोळ्या देऊन परिणाम पाहायचा, अशी योजना होती. विद्यार्थ्यांनी परिणाम पाहिला आणि चाचणी संपल्यावरही गोळ्या सोडल्या नाहीत. औषधाच्या दुकानातून विकत आणून रात्रभर जागायची प्रथा पडली आणि १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकात त्यावर मजकूर आला. म्हणजे ‘आजकालच्या मुलांना’ ही चटक लागली असं म्हणायची सोय नाही. ज्यांच्या पणतवंडांना आज आपण नावं ठेवतो, त्यांनीच ती लावून घेतली होती.

त्याच १९३७ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात आणखी एक गोष्ट घडली. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांसाठी तिथे एक रुग्णालय होतं आणि चार्ल्स ब्रॅडली हे त्याचे प्रमुख डॉक्टर होते. तपासणीसाठी मुलांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागे, त्यानंतर डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा पडावा म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखीचं फारसं काही झालं नाही, पण शिक्षक येऊन सांगू लागले की मुलं बसून अभ्यास करताहेत. मग त्यांनी ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर रीतसर गोळी दिली. त्यांतली १४ मुलं शाळेच्या कामात थक्क करण्याइतकी सुधारली. मुलांनी स्वतःच या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. ब्रॅडलींनी निबंधात हेही टिपून ठेवलं की कित्येक मुलं नेहमीपेक्षा शांत, थोडी मिटलेली झाली. आजच्या एडीएचडी उपचाराचं मूळ या निबंधात आहे, आणि तो निघाला चुकून.

रिटालिनची जन्मकथा तर घरगुती आहे. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतले लेआंद्रो पानिझ्झोन यांनी १९४४ साली मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्यांची पत्नी टेनिस खेळण्याआधी ते घेऊन पाहत असे. तिचं लाडाचं नाव रीता, म्हणून औषध रिटालिन. ते १९५४ साली युरोपात आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत आलं.

मधली तीन दशकं मी झपाट्याने सांगतो, कारण त्यांच्यावर वेगळे ग्रंथ आहेत. महायुद्धात सैनिकांना हीच जातकुळी वाटली गेली. जपानमध्ये युद्धानंतर तिची साथ पसरली आणि १९५१ मध्ये खास कायदा करावा लागला. अमेरिकेत गृहिणी, ट्रकचालक, लेखक सगळ्यांच्या हाती ती गेली. गणितज्ञ पॉल एर्डिश वर्षानुवर्षं तिच्यावर काम करत. १९७९ मध्ये त्यांचे मित्र रॉन ग्रॅहम यांनी ५०० डॉलरची पैज लावली की महिनाभर सोडून दाखव. एर्डिशनी सोडली, पैज जिंकली आणि वर तक्रार केली की तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडलं. हा किस्सा गोळीचं समर्थन करणारे नेहमी सांगतात. एर्डिश गोळीशिवायही एर्डिशच होते, हे सोयीने राहून जातं. १९७१ मध्ये अमेरिकन सरकारने अँफेटामाइन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या अनुसूचीत टाकली. त्याच वर्षी अशा औषधांवर संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. आता हे प्रकरण आटोपलं, असं वाटावं इतकी घट झाली.

ते उलटलं १९९६ नंतर. वजन कमी करण्याची ‘ओबेट्रॉल’ नावाची एक जुनी गोळी होती. ती नव्या नावाने एडीएचडीसाठी बाजारात आली, तीच अॅडरॉल. २००१ मध्ये तिची लांब पल्ल्याची कॅप्सूल निघाली. ती उघडून पाहिली तर आत साबुदाण्यासारखे बारीक मणी दिसतात. त्यातले निम्मे लगेच विरघळतात आणि निम्म्यांवर लेप असल्याने ते चारेक तासांनी विरघळतात. शाळेत दुपारची गोळी घ्यायला मुलाला कार्यालयात जावं लागू नये, ही त्यामागची चांगली सोय. पण एका कॅप्सूलमध्ये अख्खा दिवस मावू लागला आणि ती महाविद्यालयीन दिनक्रमात चपखल बसली. दहा-बारा वर्षांचे असताना ज्यांना चिठ्ठी मिळाली ती मुलं आता बाटली घेऊन वसतिगृहात आली. शेजारच्या खोलीत बाटली नसलेला मुलगा होताच.

आकडे काय सांगतात? मिशिगन विद्यापीठाचे शॉन मकेब आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ११९ महाविद्यालयांतल्या १०,९०४ विद्यार्थ्यांची झालेली पाहणी वापरली. चिठ्ठीविना ही औषधं आयुष्यात कधीतरी घेतलेले ६.९ टक्के निघाले, गेल्या वर्षभरात घेतलेले ४.१ टक्के. सरासरी फसवी असते. काही महाविद्यालयांत हे प्रमाण शून्य होतं, तर एका ठिकाणी २५ टक्के. ईशान्येकडची, प्रवेशाला अवघड असलेली महाविद्यालयं पुढे होती, आणि ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे मुलांच्या निवासी मंडळांचे सदस्य इतरांहून पुढे. केंटकी विद्यापीठात अॅलन डिसँटिस यांनी २००८ मध्ये १,८११ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ३४ टक्क्यांनी हो म्हटलं. पुढच्या दशकात देशव्यापी पाहण्यांत दर दहातला सुमारे एक विद्यार्थी वर्षभरात एकदा तरी अॅडरॉल घेतल्याचं सांगत होता. अलीकडे तो आकडा उतरला आहे. ‘सगळेच घेतात’ हे वाक्य या सर्व आकड्यांत कुठेच बसत नाही, पण गोळी घेणाऱ्याच्या तोंडी पहिलं वाक्य तेच असतं.

मकेब यांच्या पाहणीतली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. गोळी घेणाऱ्यांत कमी गुणवाले अधिक होते. पहिला नंबर राखण्यासाठी झटणारा हुशार मुलगा ही आपली कल्पना चित्रपटांनी दिलेली. मेरीलँड विद्यापीठाच्या अमेलिया अरिया यांनी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचा वर्षानुवर्षं माग काढला. त्यांना दिसलेला क्रम असा: आधी दारू आणि गांजा, मग बुडवलेले तास, मग घसरलेले गुण, आणि शेवटी ती घसरण भरून काढायला गोळी. म्हणजे आपल्या भाषेत, वर्षभर उनाडक्या आणि शेवटच्या रात्री नाइट मारायची. फक्त चहाच्या जागी कॅप्सूल. गुण तरी वाढले का? २०१७ मध्ये अरिया यांनी ८९८ विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका ताडून पाहिल्या. गोळी घेणाऱ्यांच्या गुणांत वाढ सापडली नाही.

पुरवठा कुठून होतो, याचं उत्तर सर्व पाहण्यांत एकच येतं: मित्राकडून. काळोख्या गल्लीतला दलाल इथे नाही. कधी फुकट, कधी पाच-दहा डॉलरला, फायनल्सच्या आठवड्यात जास्त. ज्याला स्वतःचीच चिठ्ठी हवी त्यालाही वाट आहे. एडीएचडीचं निदान रक्त तपासून होत नाही. माणूस काय सांगतो यावर बरंचसं ठरतं. केंटकी विद्यापीठातल्याच मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की इंटरनेटवरची माहिती पाच मिनिटं वाचलेला निरोगी विद्यार्थी प्रश्नावलीत खऱ्या रुग्णासारखे गुण मिळवू शकतो. याचा भुर्दंड खऱ्या रुग्णाला बसतो, कारण डॉक्टर पुढच्या प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागतात.

डिसँटिस यांनी पुढे १७५ विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून त्यांच्या सबबी गोळा केल्या. मी काही रोज घेत नाही. मी मजेसाठी घेत नाही, अभ्यासासाठी घेतो. हे काही कोकेन नव्हे. डॉक्टर लहान मुलांना देतात, मग वाईट कसं असेल? मलाही थोडंसं एडीएचडी असणारच. यातली एकेक सबब आपल्याकडे तंबाखूची चिमूट लावणाऱ्याच्या तोंडी शोभेल. फरक एवढाच की तंबाखूवाल्याला आपण काही पुण्यकर्म करतोय असं वाटत नाही. गोळी घेणाऱ्याला वाटतं, कारण तो ग्रंथालयात बसलेला असतो.

आता मुख्य प्रश्न. निरोगी माणसाची बुद्धी या गोळीने वाढते का? २००८ च्या सुमारास जाणत्या लोकांचं उत्तर जवळजवळ ‘हो’ असं होतं. ‘नेचर’ साप्ताहिकाने वाचकांची अनौपचारिक पाहणी घेतली. ६० देशांतल्या १,४०० जणांनी उत्तरं दिली आणि दर पाचातल्या एकाने आजार नसताना अशी औषधं घेतल्याचं कबूल केलं. हे वाचक म्हणजे बहुतांशी शास्त्रज्ञ, हे ध्यानात घ्यावं. वर्षअखेरीस त्याच साप्ताहिकात स्टॅनफर्डचे कायदेतज्ज्ञ हँक ग्रीली, केंब्रिजच्या बार्बरा सहाकियन आणि इतरांनी लेख लिहिला की निरोगी प्रौढांना बुद्धिवर्धक औषधं जबाबदारीने वापरू द्यायला हवीत. लिहिणाऱ्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मार्था फाराह होत्या.

पुढे याच फाराहबाईंनी प्रयोगशाळेत मोजमाप केलं. २०१३ मध्ये इरेना इलिएव्हा यांच्याबरोबर ४६ निरोगी तरुणांना त्यांनी कधी अॅडरॉल दिली, कधी तशीच दिसणारी पोकळ गोळी. स्मरण, भाषा, आवर, कल्पकता अशा तऱ्हतऱ्हेच्या चाचण्या घेतल्या. फरक जवळजवळ नव्हताच. एका गोष्टीत मात्र ठळक होता: आज माझं काम चांगलं झालं, असं गोळी घेतलेल्यांना वाटत होतं. पुढे सगळे प्रयोग एकत्र मांडून पाहिल्यावर थोडा फायदा दिसला, पण तो लहानच. आपलं मत मोजायला घेणं आणि मोजल्यावर ते बारीक होताना पाहून तसंच छापणं, याला मी शास्त्र म्हणतो.

जर्मनीत माइंत्सच्या डॉक्टरांनी बुद्धिबळपटू निवडले, हे मला फार आवडलं. ३९ खेळाडू आणि संगणकाशी तीन हजारांहून अधिक डाव, प्रत्येकाला १५ मिनिटं. मिथाइलफेनिडेट किंवा मोडाफिनिल हे जागं ठेवणारं औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक खेळीवर जास्त विचार करू लागले आणि घड्याळात हरू लागले. वेळेवर हरलेले डाव वगळले तर त्यांचा खेळ थोडा सुधारलेला होता. परीक्षेत वेळ वगळता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मेलबर्नचा २०२३ चा प्रयोग याहून घरचा आहे. गणितात त्याला पिशवी भरण्याचा प्रश्न म्हणतात. आपल्याला तो विमानतळाचा प्रश्न म्हणून माहीत आहे. एमएसला निघालेल्या मुलाची बॅग २३ किलोंत बसवायची आहे. कुकर ठेवायचा की गोडा मसाला आणि पुस्तकं? भाकरवडीचे दोन पुडे काढले तर चादर बसेल का? प्रत्येक वस्तूचं वजन वेगळं, मोल वेगळं, आणि मर्यादेत जास्तीत जास्त मोलाचं भरायचं. कार्स्टन मुरावस्की, पीटर बोसार्ट्स आणि सहकाऱ्यांनी ४० निरोगी जणांना असे प्रश्न संगणकावर घातले. एकेका वेळी एकेक गोळी दिली: मिथाइलफेनिडेट, डेक्स्ट्रोअँफेटामाइन, मोडाफिनिल, आणि एकदा पोकळ गोळी. खऱ्या गोळीवर लोकांनी जास्त वेळ दिला, जास्त वेळा वस्तू आत-बाहेर केल्या, आणि भरलेली बॅग कमी मोलाची निघाली. जे एरवी सर्वांत चांगली बॅग भरत त्यांचं नुकसान अधिक झालं. खटपट वाढली, खटपटीचा दर्जा उतरला. घरात बॅग भरताना डोकं गरम झालेला माणूस सामान सारखं आत-बाहेर करतो, ते आपण पाहिलेलं आहे.

मग मुलं खोटं बोलतात का? अजिबात नाही. गोळीचं काम त्यांना जाणवतं आणि ते खरंच असतं, फक्त ते बुद्धीच्या खात्यात नसतं. नोरा व्होल्कोव्ह यांनी २००४ मध्ये १६ निरोगी माणसांना २० मिलिग्रॅम मिथाइलफेनिडेट देऊन गणितं सोडवायला लावली आणि मेंदूची चित्रं घेतली. गोळी असताना मेंदूत डोपामाइन हे हुरूप देणारं रसायन वाढलं आणि माणसं म्हणाली की गणितं मजेशीर वाटली. तीच गणितं, पोकळ गोळीवर कंटाळवाणी. स्कॉट व्रेको या समाजशास्त्रज्ञाने एका नामांकित अमेरिकन विद्यापीठातल्या २४ विद्यार्थ्यांना निवांत बोलतं केलं. आठवण वाढली, तर्क धारदार झाला असं मुलं फारसं बोललीच नाहीत. बोलली ती मनाबद्दल: बरं वाटतं, हुरूप येतो, विषयात रस वाटतो, आनंद होतो.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, गोडी. अभ्यासाची गोडी लागणं, असं आपण म्हणतो. ही गोळी गोडी उसनी देते. ही गोडी त्या घटकेला समोर जे असेल त्याला लागते. अर्थशास्त्राचं पुस्तक समोर असेल तर त्याला, आणि खोलीतलं कपाट समोर असेल तर कपाटाला. गोळी घेऊन रात्रभर खोली आवरत बसलो, संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त करत बसलो, अशा हकिगती अमेरिकन विद्यार्थी हसत हसत सांगतात. त्यातला विनोद खरा आहे आणि त्यातलं शास्त्रही.

एका रात्रीचा हिशेब मांडू. लांब पल्ल्याची नव्हे, साधी अॅडरॉल. पेपर सकाळी आठला. गोळी रात्री नऊला. पहाटे तीनपर्यंत पानं उलटली, ओळींवर पिवळी शाई फिरली, भूक नाही, तहान आठवली नाही. शरीरातलं निम्मं औषध निघून जायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे परीक्षेच्या खोलीत बसताना रात्रीच्या गोळीची अर्धी अजून रक्तात आहे आणि डोळा लागलेला नाही. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. ती झोपच या सौद्यात गहाण पडली. पेपर झाल्यावर येणारी मरगळ, चिडचिड आणि ओस पडल्यासारखं वाटणं यावर कुणी दुसरी गोळी घेतो, कुणी बिअर. उत्तेजकाच्या अमलात दारू चढल्याचं कळत नाही, म्हणून ती प्रमाणाबाहेर जाते.

धोक्यांची यादी मी लांबवत नाही, पण दोन-तीन आकडे पाहावेत. एडीएचडीच्या उत्तेजक औषधांशी संबंधित आपत्कालीन भेटी अमेरिकन रुग्णालयांत २००५ मध्ये १३,३७९ होत्या, २०१० मध्ये ३१,२४४. लॉरेन मोरान यांच्या २०१९ च्या अभ्यासात १३ ते २५ वयाच्या, रीतसर चिठ्ठीवर औषध घेणाऱ्या रुग्णांत दर ६६० मागे सुमारे एकाला भ्रम किंवा भासांचा झटका नव्याने आला, आणि अँफेटामाइनवर तो धोका मिथाइलफेनिडेटपेक्षा जास्त होता. २०२४ मध्ये त्यांनीच दाखवलं की मात्रा वाढली की धोका कित्येक पटींनी चढतो. हे डॉक्टरच्या देखरेखीतले लोक. मित्राच्या हातून गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब कुणी मोजलेला नसतो, घरात कुणाला मनोविकार होता का हे कुणी विचारलेलं नसतं. २०२३ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने या सर्व औषधांवरचा चौकटीतला इशारा आणखी स्पष्ट केला. चिठ्ठीची गोळी दुसऱ्याला देऊ नका, हेही त्यात आलं.

त्याआधीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, ओहायोत कोलंबस इथे विद्यापीठाचे दोन विद्यार्थी दगावले. आरोग्य खात्याने लगोलग बजावलं की अॅडरॉल म्हणून फिरणाऱ्या गोळ्यांत फेंटानिल हे जीवघेणं वेदनाशामक आहे. हुबेहूब रंग, हुबेहूब शिक्का, आत भलतंच. मित्राकडून घेतली म्हणजे सुरक्षित, हा या प्रकारातला शेवटचा आधार होता. मित्राने ती कुठून आणली हे मात्र त्याला विचारायचं राहून जातं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अॅडरॉलचा अधिकृत तुटवडा जाहीर झाला. एकीकडे दुकानोदुकानी फिरणारे खरे रुग्ण, दुसरीकडे पडद्यावर काही मिनिटं बोलून चिठ्ठ्या देणाऱ्या कंपन्या. त्यांपैकी एकीच्या प्रमुखांवर २०२४ मध्ये खटला दाखल झाला आणि सरकारी वकिलांचा आरोप चार कोटींहून अधिक गोळ्यांचा होता.

ही लबाडी आहे का? ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये तसं नियमात लिहिलं: गुणांसाठी चिठ्ठीविना औषध घेणं म्हणजे परीक्षेतली फसवणूक. मला हा नियम सुटसुटीत वाटतो, पटत नाही. फसवणूक म्हणायला फायदा तरी झाला पाहिजे, आणि वर पाहिलं की तो बहुतेकदा होत नाही. शिवाय अंमल कसा करणार? परीक्षेच्या दारात लघवीची बाटली घेऊन उभं राहायची कल्पना गंभीरपणे मांडणारेही निघाले. माझं मत असं, की विद्यापीठाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता. ज्या अभ्यासक्रमात रस वाटण्यासाठी वीस वर्षांच्या मुलाला डोपामाइन बाहेरून आणावं लागतं, तो अभ्यासक्रम त्याने का घेतला आणि आपण तो कसा शिकवतो? हा प्रश्न ड्यूकइतकाच पुण्यातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयालाही लागू आहे.

आपल्याकडची स्थिती कायद्यामुळे थोडी वेगळी आहे. अॅडरॉल भारतात विकली जात नाही. मिथाइलफेनिडेट मिळतं, पण ते औषध कायद्याच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे आणि अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, माल कुलपात. त्यामुळे ते सहज हाती लागत नाही. उलट, खऱ्या एडीएचडीच्या मुलाचे आईवडील तालुक्याच्या गावाहून शहरात येतात आणि चार दुकानं फिरतात. मोडाफिनिलवर इतका पहारा नाही. फ्रान्समध्ये तयार झालेलं, अनावर झोपेच्या आजारावरचं हे औषध आहे. त्याच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या ब्रिटन-अमेरिकेतले विद्यार्थी इंटरनेटवरून मागवतात, म्हणजे या व्यवहारात आपला वाटा पुरवठादाराचा. ते क्वचित त्वचेची जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आणतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं. मागवणाऱ्या मुलींना हे सहसा कुणी सांगत नाही.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते, म्हणून शेवटचा परिच्छेद ऑगस्टात बॅग भरणाऱ्यांसाठी. तुमची स्वतःची चिठ्ठी असेल तर औषध मूळ वेष्टणात आणि डॉक्टरच्या सहीच्या कागदासह न्या, आणि तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात नाव नोंदवा. लक्ष लागत नाही ही तक्रार खरी असेल, तर जाण्यापूर्वी इथे मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिथल्या मित्राने सांगितलं म्हणून मोडाफिनिलची पाकिटं सामानात टाकू नका. अमेरिकेत तेही नियंत्रित औषध आहे. तिथे गोळी फुकट दिली तरी कायदा त्याला वाटप म्हणतो, आणि नियंत्रित औषधाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीच्या आधी हद्दपारीचा कागद मिळू शकतो.